मालकाच्या विनंतीवरून

हे मी आईला सांगितलेलं नाही, बायकोला नाही, आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखीच्या माणसांपुढे मी अजून चांगला मुलगा आहे. गल्लीतला पहिला पदवीधर, कॉलेजात शिकवणारा, कोणाचाही फॉर्म भरून देणारा. ते नाव मला टिकवायचं आहे. म्हणजे बघा — कबुली द्यायला बसलो तरी आधी आठवण झाली ती नावाचीच.

कंपनीपासून सुरुवात करतो. कंपनीबद्दल बोलणं सोपं आहे.

तुमची गाणी आमच्याकडे ठेवा, असं ती कंपनी म्हणते. फोन हरवला, पाण्यात पडला, तरी गाणी सुरक्षित. तुम्ही विश्वासाने गाणी तिच्या खात्यात चढवता. मग तिचं यंत्र प्रत्येक गाण्याचा ठसा घेतं, रेशनच्या दुकानात बोटाचा घेतात तसा, आणि तो आपल्या दुकानात विकायला ठेवलेल्या गाण्यांशी ताडून पाहतं. ठसा जुळला की तुमची प्रत तुमची राहत नाही. कधी ती काढून तिथे कंपनीची प्रत ठेवतात, कधी नुसतं कुलूप लावतात. गाणं तुमच्याच गळ्यातून निघालेलं असेल, तरी यंत्राला त्याचं काय? विचारायला माणूस नाही, लावायला फोन नंबर नाही. मला त्या कंपनीचा राग आहे. तो राग खोटा नाही, हे तेवढं माना. गावात त्या कंपनीला माझ्याइतक्या शिव्या कोणी दिल्या नसतील. पारावर दिल्या, चहाच्या टपरीवर दिल्या, कॉलेजच्या स्टाफरूममध्येही दिल्या. फुकट ठेवतो म्हणणारे चोर असतात, असं मी ठासून सांगत आलो.

आणि सांगताना मला बरं वाटायचं. का बरं वाटायचं? — थांबा. आधी कमलकाकू.

कमलकाकू आमच्या शेजारच्या. सख्ख्या नव्हेत, पण मी दहावी झालो तेव्हा वडिलांनी मला सुरतेला कापडबाजारात गठ्ठे उचलायला पाठवायचं ठरवलं होतं, आणि ते मोडलं ते काकूंनी. आमच्या ओट्यावर उभ्या राहून त्या वडिलांना म्हणाल्या, "तुन्हा पोऱ्या गठ्ठा उचलाले जन्मेल शे का रे? तूच उचल. तुन्ही पाठ रुंद शे." सगळी गल्ली हसली. वडील ओशाळले आणि मी अकरावीला नंदुरबारला गेलो. आई पहाटे मजुरीला जायची, म्हणून माझ्या डब्यातली भाकरी कितीदा तरी काकूंच्या चुलीवरची असायची. मी आज जो काही आहे तो त्या बाईच्या तोंडामुळे आहे. हे मी भाषणात सांगतो. भाषणात सांगणं सोपं आहे.

काकूंचं तोंड पंचक्रोशीत नावाजलेलं होतं. आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या लेकी आणि गावच्या बायका नदीवर जातात. नदीला त्या दिवसांत पाणी नसतं, नुसती तापलेली वाळू. अलीकडच्या काठावर आमचं गाव, पलीकडच्या काठावर समोरचं. आणि मग दोन्ही काठांवरून बायका गाण्यांतून एकमेकींना शिव्या देतात. खऱ्या शिव्या. नवऱ्यावरून, सासूवरून, चुलीवरून, चालण्यावरून. एका काठाने म्हणायचं, दुसऱ्याने उत्तर द्यायचं. जिचं उत्तर अडलं ती हरली. रंगात आलं तर ढेकळंही फेकली जातात. वर्षभर सासरी मुकाट राहणाऱ्या बायका त्या दिवशी जे बोलतात, ते पुरुषांनी ऐकलं तरी ऐकलं नाही असं धरायचं असतं.

आमच्या काठाच्या पुढारी कमलकाकू. पलीकडच्या सोजाबाई. दोघींचं वैर मी लहानपणापासून पाहत आलो. मात्र मिरचीच्या हंगामात दोघी नंदुरबारला एकाच पथारीवर, म्हणजे मिरची वाळवायच्या मोकळ्या मैदानावर, कामाला. लाल मिरच्यांच्या वाळवणात शेजारी शेजारी बसून देठ खुडायच्या, एका डब्यात जेवायच्या. तिथेच पुढच्या आखाजीची धमकी चालायची. "कमल, औंदा नदीवर तुन्ही खैर नही. आत्तेच पानी पी ले," असं सोजाबाई म्हणायच्या आणि काकू मिरचीचा हात त्यांच्या डोळ्यांपुढे नाचवायच्या.

काकूंच्या मुलाने सुरतेहून त्यांना फोन आणून दिला होता. त्या फोनचा एकच उपयोग काकूंनी मनापासून शिकून घेतला — लाल ठिपका दाबून आवाज भरायचा. दर आखाजीला फोन कमरेला खोचून त्या नदीवर जायच्या. त्यामुळे त्या ध्वनिमुद्रणांत काकूंचा आवाज कानाशी, धापेसकट, बांगड्यांसकट. आणि सोजाबाईंचा लांबून, वाऱ्यातून, वाळू ओलांडून आलेला. एक वर्ष, मग दुसरं, मग पुढचं. एक दिवस फोन माझ्यापुढे धरून त्या म्हणाल्या, "बापू, फोननं पोट भरी गयं. काही करी दे."

मी तेव्हा लोकसाहित्य घेऊन एम. ए. करत होतो. मी त्यांच्या नावाने त्या कंपनीचं खातं उघडलं. खात्याला मोबाइल नंबर आणि ईमेल लागतो. काकूंचा ईमेल कुठला असणार? मी माझा घातला. नंबरही माझाच, कारण येणारे आकडे वाचणार कोण? यात विशेष काही नव्हतं. आमच्या गल्लीतल्या निम्म्या घरांचं सगळं — गॅस, शिष्यवृत्ती, पीकविमा — माझ्याच नंबरावर होतं. शिकलेल्या पोराचा नंबर हा आमच्याकडे सार्वजनिक नळ असतो. सगळी गाणी मी खात्यात चढवली, फोनमधली पुसली, आणि काकूंना एक खूण दाखवली. इथे दाबलं की गाणं लागतं. काकूंनी माझ्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली.

पुढच्याच उन्हाळ्यात सोजाबाई गेल्या. ताप आला, दवाखान्यात नेलं, परत आल्या नाहीत. त्या वर्षी काकू नदीवर गेल्याच नाहीत. दुपारी जेवण झालं की ओट्यावर बसून फोन लावायच्या. वाऱ्यातून सोजाबाईंचा आवाज यायचा, काकूंच्या अब्रूची लक्तरं काढायचा, आणि काकू पदर तोंडाला लावून हसायच्या. "मरी गई सटवी, तरी तोंड चालूच शे," असं म्हणून फोनलाच उत्तर द्यायच्या. मी येता-जाता पाहत होतो, शब्दांकडे लक्ष न देता. म्हणजे त्या आवाजाचं काकूंना काय होतं, हे मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही.

आता जवळ आलो आहे. तरी पाय मागे ओढतो आहे, हे तुम्हाला दिसत असेल.

एम. ए. झाल्यावर एका कॉलेजात तासिका तत्त्वावर जागा निघाली. अर्जात विचारलं होतं — या विषयातलं आपलं स्वतःचं काम काय? माझं काय काम होतं? दुसऱ्यांची पुस्तकं वाचून लिहिलेला प्रबंध. त्याच कंपनीत गायकांना, संग्राहकांना स्वतःचं पान उघडता येतं. त्यावर फोटो, नाव, खाली गाणी. मला वाटलं, असं पान दाखवता आलं तर वजन पडेल. काकूंच्या खात्याचा पासवर्ड माझ्याकडेच होता. मी सगळी ध्वनिमुद्रणं उतरवून घेतली. प्रत्येक आखाजीतला चांगला तुकडा निवडला, घासूनपुसून स्वच्छ केला. सोजाबाईंचा आवाज लांबचा, खरखरीत, वाऱ्याने फाटलेला. तो कापून टाकला. आणि हो, त्यातली भाषा. परीक्षकांपुढे तसल्या शिव्या कशा चालतील? उरलेलं ऐकून काकूंच्या त्यातल्या त्यात सौम्य ओळी ठेवल्या. "सोजा तुन्हा गावमा पानी ना पाऊस, दादला तुन्हा भांडा घासस, तुले बठानी हाऊस!" असल्या. उतरवलेल्या फाइलींवरच कापलं, वेगळी प्रत ठेवली नाही. मूळ काकूंच्या खात्यात आहेच की, असं म्हटलं. कंपनी आहे ना सांभाळायला!

मग फॉर्म. 'या ध्वनीचा मालक' अशी एक चौकट होती आणि तिच्यात एकच नाव बसत होतं. मी माझं लिहिलं. काकूंचं लिहिता आलं असतं. पण मग पान काकूंचं झालं असतं. खाली एक प्रश्न होता: या ध्वनीच्या इतर प्रती रोखायच्या का? मी 'हो' वर खूण केली. का केली? इतर प्रती कुठे असतील, याचा विचारच केला नाही असं आजवर मी मनाला सांगत आलो. खरं तर ती खूण करताना छान वाटलं होतं. माझ्या मालकीचं आयुष्यात पहिल्यांदा काही होतं आणि ते कोणी चोरू नये असं मला वाटत होतं.

थोड्याच दिवसांनी काकू फोन घेऊन आल्या. "बापू, देख ना रे, हाई काय व्हयनं? दाबस तरी बोलत नही." सगळी गाणी पडद्यावर करडी पडली होती. प्रत्येकाखाली एकच ओळ. काकूंना वाचता येत नाही. मी वाचून दाखवली: "मालकाच्या विनंतीवरून हे गाणं उपलब्ध नाही."

"कोन शे रे हाऊ मालक?"

तो क्षण माझ्या हातात होता. ओट्यावर आम्ही दोघंच होतो. मी म्हणालो, "कंपनी शे काकू. मुंबईनी मोठी कंपनी."

"मन्हा गानाना मालक? मंग तो मन्हासंगे मिरच्या खुडाले उना व्हता का?"

मी हसलो. हसून म्हणालो, या कंपन्या अशाच असतात, मी बघतो काहीतरी. काकू निश्चिंत होऊन गेल्या. बापू बघतो म्हणाला ना!

इथपर्यंत ऐकून तुम्ही म्हणाल, चूक झाली, घाबरला, खोटं बोलला. एवढंच असतं तर मी हे लिहिलं नसतं. एवढं तर मी एखाद्या मित्राला चहा पिताना सांगून मोकळा झालो असतो.

कंपनीने एकतर्फी काही केलं नव्हतं. कंपनीने विचारलं होतं. तिने दोन पत्रं पाठवली होती. एक मालकाला: तुमच्या ध्वनीच्या प्रती अमुक खात्यात सापडल्या आहेत, आम्ही त्या रोखल्या आहेत. दुसरं खातेदाराला: तुमच्या गाण्यांवर कोणीतरी मालकी सांगितली आहे, मान्य नसेल तर हरकत घ्या, मान्य असेल तर गाणी कायमची काढून टाकू. दोन्ही पत्रं माझ्याच फोनवर आली. एकाखाली एक. यंत्राला काय कळणार की फिर्यादी आणि आरोपी यांचा फोन एकच आहे?

हरकतीचं बटण निळं होतं. ते मी दाबलं असतं तर काय झालं असतं, तेही खाली लिहिलेलं होतं: निकाल लागेपर्यंत मालकाच्या पानावर 'मालकी वादात' अशी पट्टी दिसेल. माझी मुलाखत त्याच आठवड्यात होती. अर्जात पानाचा पत्ता दिलेला होता.

काहीच केलं नसतं तरी चाललं असतं. पत्र पडून राहिलं असतं, गाणी कुलपात राहिली असती, मुलाखत झाल्यावर मी गुपचूप दावा मागे घेतला असता. पण पत्राला उत्तर द्या, अशी कंपनीची आठवण रोज फोनवर येत होती, आणि मुलाखतीआधी कंपनीने आपणहून पट्टी लावली तर, ही भीती मला खात होती. नंदुरबार स्टेशनच्या बाहेर, रिक्षात बसून सीट भरायची वाट पाहताना, मी काकूंच्या नावाने 'मान्य आहे' दाबलं. 'नक्की?' असं यंत्राने पुन्हा विचारलं. रिक्षावाला सीटसाठी ओरडत होता. मी पुन्हा दाबलं.

सहकार्याबद्दल कमलबाईंचे आभार, असं उत्तर आलं. मला.

मुलाखतीत समितीतल्या एका सरांनी माझं पान उघडून सगळ्यांपुढे गाणं लावलं. कमलकाकू खोलीत घुमल्या. "किती स्वच्छ ध्वनिमुद्रण!" सर म्हणाले. "स्वतः केलंत?" मी मान हलवली. जागा मला मिळाली. पेढ्यांचा पहिला पुडा घेऊन मी काकूंकडेच गेलो. त्यांनी देवापुढे ठेवला, मग माझ्या तोंडात पेढा कोंबला आणि विचारलं, "कंपनीनं काय व्हयनं?" मी म्हणालो, "काकू, त्यास्नी पुसी टाकात. हरामखोर शेत." काकूंनी फोन उचलला, पडद्यावर बोट फिरवलं. रिकामं होतं. मग फोन पदराने पुसून कोनाड्यात ठेवला.

पुढे आणखी दोन आखाज्या गेल्या, काकू नदीवर उतरल्या नाहीत. यंदा मात्र गल्लीतल्या सुनांनी ओढूनच नेलं. मीही गेलो होतो, गाडीवर बसून लांबून पाहत. पलीकडच्या काठाला आता सोजाबाईंच्या तोडीचं कोणी नाही. पोरी हसतात, दोन ओळी म्हणतात, सेल्फी काढतात. काकूंनी जरा वेळ वाट पाहिली. मग पलीकडच्या काठाकडे पाठ फिरवली, आमच्याच गावाकडे तोंड केलं, आणि खड्या आवाजात सुरू केलं —

"मालक रे मालक, तुन्हा बाप कोन?
बायास्ना गळा चोरस, कानले लावस फोन!"

बायका खिदळून त्यांच्या मागे. मालक कोण ते सगळ्या गावाला ठाऊक होतं, मीच तर सांगितलं होतं. मुंबईचा, एसीत बसणारा, बायकांची गाणी खाणारा. "मालक तुन्हा घरमा दाना ना भात, दुसरानं गानं खाई राहस दिनरात!" काकूंना जोर चढला. मालकाची आई झाली, बहीण झाली, त्याचं शिक्षण झालं. शिकलेला चोर कुलूप फोडत नाही, सही करतो, अशी एक ओळ त्यांनी जागच्या जागी रचली. दोन्ही काठांवरच्या बायका पहिल्यांदाच एका बाजूला होत्या. पलीकडच्या पोरींनीही टाळ्यांचा ठेका धरला. मग एका सुनेने मला पाहिलं आणि ओरडली, "ओ सर, तुम्ही बी द्या ना दोन शिव्या मालकले!" मी काय केलं असेल? टाळ्या वाजवल्या. मोठ्याने वाजवल्या.

घरी आल्यावर मी दावा मागे घेतला. यासाठी मला चांगलं म्हणू नका. तोपर्यंत माझी नोकरी पक्की झाली होती आणि पान कोणी पाहतही नव्हतं. शिवाय कायमचं काढलेलं परत येत नाही, हे मला माहीत होतं. काकूंना मी त्याबद्दलही काही बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी काकू ओट्यावर होत्या, नदीच्या उन्हाने चेहरा काळवंडलेला, पण खुशीत. मला बोलावलं, शेजारी बसवलं. भांडी घासणाऱ्या दादल्याचं गाणं गुणगुणत होत्या. आपली ओळ म्हणायच्या आणि थांबायच्या. पुन्हा म्हणायच्या, पुन्हा थांबायच्या. शेवटी माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाल्या, "यावर सोजा काय म्हने रे? जीभवर शे पन येत नही. तू त ऐकेल शे, तूच त चढायेल व्हतात."

मी म्हणालो, "आठवत नही काकू."

तेही खोटंच होतं. आठवायला आधी ऐकावं लागतं. सोजाबाईंचा भाग कापला तेव्हा मी होस्टेलच्या खोलीत होतो, आजूबाजूला मुलं होती, त्या शिव्या कोणाच्या कानावर जाऊ नयेत म्हणून आवाज बंद ठेवला होता. पडद्यावर रेघा दिसतात — जवळचा आवाज उंच, लांबचा बुटका. बुटक्या रेघा निवडून पुसत गेलो. सोजाबाई काय म्हणाल्या होत्या, ते मी कधी ऐकलंच नाही.